बाबासाहेबांची इंग्रजी आणि आपली मुलं

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. महाडचे चवदार तळे, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या घरातल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. म्हणून या वेळी बाबासाहेबांच्या जीवनाकडे जरा वेगळ्या बाजूने बघू या. पुढे लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजांना त्यांच्याच भाषेत जाब विचारणारा हा महामानव लहानपणी इंग्रजी शिकला तरी कसा? कोणी शिकवलं? कोणत्या पुस्तकांतून? आणि स्वतः शिकल्यावर त्यांनी आपल्या मागून येणाऱ्या पोरांसाठी काय सोय केली?

हे आजच विचारायचं कारण उघड आहे. आपल्या वस्तीतली किती तरी मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. काही सेमी-इंग्रजीला आहेत. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात, बूट-टाय घेतात. पण संध्याकाळी मुलगा दप्तर उघडून बसला, की घरात त्याला सांगणारं कोणी नसतं. मुलगा पाठ करतो, धडाधडा म्हणून दाखवतो, आईला वाटतं पोरगं हुशार निघालं. आठवी-नववीला गेल्यावर मात्र कळतं की वाचलेलं त्याला समजतच नव्हतं. मग दोष पोराच्या डोक्याला दिला जातो. तो दोष खरोखर डोक्याचा आहे का, याचं उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात सापडतं.

सैन्यातली शाळा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि आई भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. रामजीबाबा सैन्यात होते, आणि तेथील शाळेत अनेक वर्षे शिक्षक व मुख्याध्यापक होते. ही गोष्ट आपण नेहमी एका ओळीत सांगतो आणि पुढे जातो. पण सगळ्याचं मूळ इथेच आहे.

त्या काळी गावच्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. कंपनी सरकारच्या पलटणीत मात्र शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा होत्या, आणि तिथे शिकणे सक्तीचे होते. त्यामुळे कोकणातल्या महार समाजातली जी कुटुंबं पलटणीत गेली, त्यांच्या घरात अक्षर आलं. रामजीबाबांच्या घरात बायामाणसांनाही वाचता येत होतं. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. नोकरी गेली, तशीच शाळाही गेली. ती बंदी उठावी म्हणून खटपट करणाऱ्यांत रामजीबाबा पुढे होते. भरती बंद झाली म्हणजे पुढच्या पिढीची अक्षरओळख बंद झाली, हे त्या शिक्षकाला बरोबर कळलं होतं.

म्हणजे बघा. भीमराव जन्मतःच हुशार होते यात शंका नाही. पण त्या काळी आपल्या समाजात हुशार पोरं काय कमी जन्माला आली असतील? गावोगाव आली असतील, आणि गुरं राखून, ओझी वाहून गेली असतील. भीमरावांना घरातच शिक्षक मिळाला, हा फरक होता.

साताऱ्याची इंग्रजी पहिली

रामजीबाबा निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इंग्रजी पहिली म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. त्या काळी मूल आधी मराठी इयत्ता शिकायचं. मराठी वाचता-लिहिता येऊ लागलं, की मग इंग्रजी पहिलीला बसायचं. म्हणजे बाबासाहेबांनी इंग्रजीचे धडे सुरू केले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या पायाखाली मराठीची जमीन घट्ट झालेली होती.

शाळेतला अनुभव कसा होता ते आपण जाणतोच. वर्गात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेल्यावरही, मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून बाकीची मुलं धावली होती. ज्या मुलाला वर्गात अशी वागणूक मिळते, तो वर्गात तोंड उघडून इंग्रजी बोलायचा सराव कधी करणार? भाषा बोलल्याने येते, चुकत-चुकत येते. चुकायची सोय ज्याला नाही, त्याची भाषा घशातच अडकते. ही सोय शाळेने दिली नाही, ती घराने दिली.

डबक चाळीतला दिवा

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजायची जागा, तोच अभ्यास. जागा पुरत नाही म्हणून रामजीबाबांनी युक्ती काढली. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण जागत राहायचे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून आपण आडवे व्हायचे. मग चाळ झोपलेली असताना तो मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे.

पण नुसतं उठवून बसवलं असं नाही. रामजीबाबांची शिकवण्याची एक पद्धत होती, आणि हा भाग आपण नीट लक्षात घ्यायला हवा. त्या काळच्या शाळांत हॉवर्डची इंग्रजी पुस्तके चालत, ती त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. शिवाय तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या. तर्खडकरांच्या या पुस्तकांवर महाराष्ट्रातल्या किती तरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. पद्धत साधी. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. इंग्रजी वाक्य घ्यायचं आणि त्याचं मराठी करायचं. आज सोपं वाक्य, उद्या जरा अवघड. योग्य शब्द कोणता, तो कुठे बसतो, मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद कसे येते आणि इंग्रजीत क्रियापद मधे कसे सरकते, हे हाताला वळण लागेपर्यंत करायचं. रामजीबाबांना दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून चूक झाली की जागच्या जागी दुरुस्त व्हायची.

घरात कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग रोज म्हटले जात. म्हणजे इंग्रजी शिकताना मराठी बाजूला टाकली नव्हती. मराठीच्या खांद्यावर बसून इंग्रजी शिकायची, असा तो प्रकार होता.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. भीमरावांना अभ्यासाच्या पुस्तकांशिवाय इतर पुस्तके वाचायची भारी आवड. पेन्शन तुटपुंजी. तरी रामजीबाबा मुलाने मागितलेले पुस्तक आणून देत. पैसे नसले, तर लग्न झालेल्या लेकीकडे जात, उसने मागत, नाही तर तिचा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. दागिना गहाण टाकून पुस्तक! आपल्याकडे लग्नासाठी, बारशासाठी कर्ज काढतात. पुस्तकासाठी दागिना ठेवणारा बाप विरळाच. आणि त्या माहेरवाशिणींचीही आठवण ठेवली पाहिजे. ज्यांच्या गळ्यातल्या सोन्यावर बाबासाहेबांची पुस्तकं आली, त्यांची नावं सभेत क्वचितच घेतली जातात. भाऊ आनंदरावांना तर घर चालवण्यासाठी शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एक मूल शिकावं म्हणून घरातल्या चौघांनी काय-काय सोडलं, याचाही हिशोब आहे.

मॅट्रिक ते कोलंबिया

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी ३८२ गुण मिळाले. आजच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या काळात हा आकडा ऐकून मुलं चकित होतात. पण ज्या समाजातल्या पोराला शाळेत पाणी मिळत नव्हतं, त्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला, ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती! सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. इंग्रजी परीक्षा पास झालेल्या मुलाच्या हातात बुद्ध आला तो मराठीतून, हे आपण विसरू नये.

संस्कृत शिकायची त्यांची फार इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ती भाषा शाळेत शिकू दिली नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे मोठेपणी त्यांनी आपल्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला. भाषेच्या दारावरही पहारेकरी बसवलेले असतात, हे त्यांना कोवळ्या वयातच कळलं होतं.

केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळू लागली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ साली ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. ज्यांनी रात्री दोनला उठवून शिकवलं, त्यांना पुढचा दिग्विजय पाहायला मिळाला नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे प्राध्यापक सेलिग्मन, प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. ग्रंथालय उघडायच्या आधी दारात आणि बंद होईपर्यंत आत, असा दिनक्रम. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध तेथील अभ्यासवर्गात वाचला. साताऱ्याच्या गोणपाटावर इंग्रजीचा पहिला धडा गिरवल्याला तेव्हा सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती. सोळा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. इंग्रजी एका वर्षात येत नाही, फाडफाड बोलायला शिकवणाऱ्या तीस दिवसांच्या पुस्तकाने येत नाही. बाबासाहेबांसारख्या माणसालाही रोजच्या कष्टाची वर्षं द्यावी लागली. मग आपल्या पोराला सहा महिन्यांत इंग्रजी येईना म्हणून त्याला ठोंब्या म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

पुढे लंडन, मग शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली परत, १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पैसे साठवून पुन्हा लंडन, बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी. एस्सी. हा इतिहास आपल्याला माहीत आहे.

सरकारसाठी इंग्रजी, समाजासाठी मराठी

इतकं इंग्रजी शिकलेल्या माणसाने आल्यावर काय केलं? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले ते मराठीत. एप्रिल १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले तेही मराठीत. साउथबरो कमिटीपुढे १९१९ साली, सायमन कमिशनपुढे १९२८ साली आणि १९३० पासून गोलमेज परिषदेत ते इंग्रजीत बोलले, कारण तिथे निर्णय घेणाऱ्यांची भाषा ती होती. चाळीतल्या, गावकुसाबाहेरच्या आपल्या आजा-पणज्यांशी ते मराठीत बोलले, कारण जागं त्यांना करायचं होतं. कुठे कोणती भाषा वापरायची याचा त्यांचा हिशोब पक्का होता. इंग्रजी आली म्हणून मराठी बोलायची लाज वाटली नाही, आणि मराठीच्या अभिमानापायी इंग्रजी टाकूनही दिली नाही.

हा विचार आपल्या धम्माला धरूनच आहे. विनयपिटकात एक प्रसंग येतो. दोन भिक्खूंनी भगवंतांना विनंती केली की आपले वचन वेदांच्या छंदोबद्ध भाषेत बांधावे. तथागतांनी ती मान्य केली नाही. लोकांनी धम्म आपापल्या बोलीत शिकावा, अशी त्यांनी अनुज्ञा दिली. ज्ञान समजलं पाहिजे, नुसतं कानावर पडून उपयोग नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं गेलं आहे.

वसतिगृहापासून सिद्धार्थपर्यंत

आता मुख्य मुद्दा. बाबासाहेबांना रामजीबाबांसारखे वडील होते. पण ज्या पोराचा बाप गिरणीत रात्रपाळीला आहे, आई कचरा वेचते, दोघांनाही सही येत नाही, त्या पोराच्या शेजारी रात्री कोण बसणार? बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतःला विचारला असावा, कारण त्यांचं पुढचं सगळं शैक्षणिक काम याच प्रश्नाचं उत्तर आहे.

जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला तिचे पहिले वसतिगृह निघाले. वसतिगृह म्हणजे जेवण आणि झोपायला जागा एवढंच नव्हतं. तिथे दिवा होता, पुस्तकं होती, वरच्या इयत्तेतला मुलगा खालच्या इयत्तेतल्या मुलाला सांगायला होता. मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे स्वतःचे मासिक चालवले. मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोलताना त्यांनी शिक्षण हे सगळ्यांच्या आवाक्यात असले पाहिजे आणि खालच्या वर्गासाठी ते जास्तीत जास्त स्वस्त झाले पाहिजे, असा आग्रह धरला. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सभासद होते. या समितीने १९३० च्या अहवालात आपल्या मुलांना सर्वांच्या सामाईक शाळेत बसवावे, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवावीत, अशा शिफारशी केल्या. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज आपल्या घरातला जो कोणी कॉलेजात फॉर्म भरून शिष्यवृत्ती घेतो, त्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवातीला लष्कराच्या रिकाम्या बराकींत वर्ग भरत. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा कचेरीत हमाली किंवा कारकुनी करायची आणि सकाळी कॉलेज. रात्रशाळाही काढली. ग्रंथालय तर बाबासाहेबांचा जीव की प्राण. दादरचे राजगृह त्यांनी पुस्तकांसाठी बांधले, तशीच कॉलेजच्या ग्रंथालयाची काळजी घेतली.

त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. पोरांनी उभं राहायचं, विधेयक मांडायचं, बाजू लढवायची, विरोधकांना उत्तर द्यायचं. खुद्द बाबासाहेब तिथे जाऊन बोलले आहेत. भाषा शिकवण्याचा याहून चांगला उपाय कोणता? वर्गात इंग्रजी ऐकून समजते, पण जीभ सैल होते ती बोलल्याने. ज्या पोराला साताऱ्याच्या वर्गात कोपऱ्यात बसवलं होतं, त्याने आपल्या कॉलेजातल्या पोरांना सभागृहाच्या मधोमध उभं राहून बोलायची जागा दिली.

मराठवाड्यातला मिलिंद

मराठवाड्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. हा भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले, ते उर्दू माध्यमातून शिकवण्यासाठी. घरी मराठी आणि वरच्या शिक्षणात उर्दू, अशी मुलांची ओढाताण. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाल्यावर विद्यापीठाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. म्हणजे खेड्यातून आलेल्या पोरापुढे आता तिसरी भाषा उभी राहिली!

अशा वेळी १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस यांच्यासारखा विद्वान माणूस दिला. कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि परिसर झाला नागसेनवन. राजा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो भदंत नागसेनांना प्रश्न विचारतो, नागसेन दाखले देऊन उत्तर देतात, राजा पुन्हा शंका काढतो. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ अशा प्रश्नोत्तरांचाच आहे. विद्यार्थ्याने मान डोलवत न बसता विचारावं आणि गुरूने न रागावता समजवावं, ही शिकवणूक त्या नावातच आहे.

खेड्यापाड्यातली पोरं वळकट्या घेऊन तिथल्या वसतिगृहात आली आणि शिकून मोठी झाली. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. तिथल्या काळ्या लोकांचे साहित्य त्यांनी इंग्रजीतून वाचले आणि आपल्या तरुणांना मराठीत सांगितले. प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले. इंग्रजी शिकण्याचा खरा उपयोग हा असा. जगातलं चांगलं आपल्या भाषेत आणायचं आणि आपलं दुःख जगाला ऐकवायचं.

शेवटची वर्षे आणि पाली

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब पाली भाषेचा कोश आणि व्याकरण तयार करत होते. पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदीत देण्याचेही काम त्यांनी केले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात हे साहित्य छापले आहे. डबक चाळीत तर्खडकरांची पाठमाला गिरवणारा मुलगा शेवटी आपल्या लोकांसाठी स्वतःच भाषा शिकण्याची पुस्तके करत बसला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला, जगाने वाचावा म्हणून. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपण काय करायचं?

बंधू-भगिनींनो, चरित्र वाचून हात जोडले की काम संपलं, असं नाही. रामजीबाबांनी जे एका मुलासाठी केलं आणि बाबासाहेबांनी हजारो मुलांसाठी केलं, ते आपल्या वस्तीपुरतं आपण करू शकतो. त्याला फार पैसा लागत नाही.

पहिलं म्हणजे, मुलाला मराठी पक्की वाचता-लिहिता आली पाहिजे, मग शाळा कोणत्याही माध्यमाची असो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या घरी मराठीचं एक तरी पुस्तक असावं आणि ते मोठ्याने वाचलं जावं.

दुसरं, ज्या आईला इंग्रजी येत नाही तिने हताश होऊ नये. मुलाला रोज सांगावं, आज शाळेत इंग्रजीत जे वाचलंस ते मला मराठीत सांग. मुलाने नीट सांगितलं तर त्याला समजलं. अडखळला, तर तेवढंच उद्या बाईंना विचारायला लावायचं. त्या आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नसलं तरी तिने तर्खडकरांचीच पद्धत चालवली असं होईल.

तिसरं काम विहाराचं. वंदना झाल्यावर आपलं सभागृह बहुतेक दिवस रिकामंच असतं. तिथे रोज संध्याकाळी तासभर अभ्यासवर्ग घ्यावा. कॉलेजातल्या मुलामुलींनी पाळीपाळीने लहानांना बसवावं. दहा वाक्यं मराठीतून इंग्रजीत, दहा इंग्रजीतून मराठीत, आणि एक पान मोठ्याने वाचन. शब्दकोश कपाटात कुलपात न ठेवता सतरंजीवर ठेवावा. रविवारी मुलांची छोटी पार्लमेंट भरवावी. वस्तीतल्या पाण्याचा, कचऱ्याचा प्रश्न घेऊन आधी मराठीत बोलावं, मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. चुकलं तर कोणी हसायचं नाही, हा एकच नियम कडक ठेवावा.

डबक चाळीतल्या त्या एका खोलीत एक दिवा होता आणि शेजारी जागा राहणारा बाप होता. आपल्या विहारात तर ट्यूबलाइट आहेत, पंखे आहेत. जागं राहून शेजारी बसणारी माणसं तेवढी हवीत. येत्या सोमवारपासून जे उपासक-उपासिका आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतील, त्यांनी विहाराच्या वहीत आपले नाव लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!